रबरी मूठ की लाकडी

मावशी,

तू गेलीस त्याला अजून महिनासुद्धा झाला नाही आणि आपलं भांडण तर अर्धवटच राहिलंय. तुझ्या रिव्हॉल्व्हरला मूठ रबराची बसवायची की लाकडाची, हे काही ठरलं नाही. शेवटच्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "पुढच्या रविवारी सांगते, आता माझा कुकर झालाय." पुढचा रविवार तू पाहिलाच नाहीस. शुक्रवारी सकाळी अंघोळ करून, चहा गाळून तू खुर्चीत बसलीस आणि तिथेच गेलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, सेंगकांगच्या स्टेशनवर एलआरटीच्या छोट्या गाडीची वाट बघत होते. तुझ्या शेजारच्या काकांनी बातमी सांगितली आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "कोणी मारलं?" काका म्हणाले, "अगं, कोणी नाही. झोप लागल्यासारख्या बसल्यात बाई." रडू नंतर आलं. आधी आलं ते हायसं वाटणं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुझ्याविषयी बोलले. आपल्या माणसांवरच्या अत्याचारांचे खटले चालवणारी तालुक्यातली एकटी बाई वकील, इतक्या धमक्या आल्या की सरकारला तुला शस्त्राचा परवाना द्यावा लागला, वगैरे वगैरे. 'निर्भीड' हा शब्द इतक्यांदा आला की तू समोर असतीस तर उठून हरकत घेतली असतीस. मला माहीत असलेली बाई जरा वेगळी होती. कोर्टात समोरच्याला घाम फोडून यायची आणि घरी मोरीत झुरळ दिसलं की मला हाका मारायची. आई गेल्यावर तू मला तुझ्याकडे आणलंस तेव्हा घरात एकच कडक नियम होता. तुझ्या कपाटाला, कागदांना, अगदी तुझ्या काळ्या कोटाला हात लावला तरी चालेल, पर्सला लावायचा नाही. त्या पर्समध्ये भाकरीचा डबा असायचा, चष्मा असायचा, खोकल्याच्या गोळ्या असायच्या आणि 'ते' असायचं. तू त्याचं नाव कधी घ्यायची नाहीस, नुसतं 'ते' म्हणायचीस. मी मात्र शाळेत सगळ्यांना सांगत सुटायचे की माझी मावशी कुणाच्या बापाला भीत नाही.

गेल्या वर्षी तू एकदाची सिंगापूरला आलीस. त्याआधी दर वर्षी "तारीख आहे" म्हणून टाळायचीस. माझं लग्न झालं, माझी लेक मैत्री झाली, ती शाळेत जायला लागली, तरी तुझी तारीख काही संपत नव्हती. शेवटी उजव्या अंगठ्याच्या सांध्याने दगा दिला, लिहिणं जड जायला लागलं, तेव्हा आलीस. येण्याआधी 'ते' पोलीस ठाण्यात जमा केलंस. विमानतळावर तू ट्रॉली ढकलत आलीस तेव्हा तुझी पर्स खांद्यावर इतकी हलकी झुलत होती की मला आधी ती तुझी वाटलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना तू हात माझ्यापुढे धरलास. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यावर बोट ठेवलंस.

"हे बघ, इथे रुततं."

"काय रुततं?"

"ते. एवढीशी मूठ त्याची, त्यात टणक. मागचं लोखंड सरळ इथे येतं. करंगळीला तर जागाच नाही, बिचारी बाहेर लोंबते. तू मुठीच बनवतेस ना? मग बघ की जरा."

मी शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या मुठी बनवते. डॉक्टर तासन्‌तास उभे राहून काम करतात, हात सुजतात, तेव्हा मूठ कशी लागते ते बघायचं, हे माझं काम. तू मात्र गावभर "आमची प्रज्ञा इंजिनिअर झाली आणि दांडे बनवायला लागली" असंच सांगायचीस. एरवी तू माझ्या कामाविषयी काही विचारलंस तर मी हुरळून गेले असते. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मला वाटलं होतं, दुखऱ्या अंगठ्याच्या निमित्ताने का होईना, आता ही बाई थांबेल.

"मूठ कशाला बदलायची? परवानाच परत कर," मी म्हटलं. "वकिली पुरे झाली. पुण्याचा आमचा फ्लॅट रिकामा आहे, तिथे राहा. वर्षातून दोनदा इकडे ये."

"मूठ बघतेस की नाही तेवढं सांग."

"बघायची कशाला, बनवूनच देते. एका दुपारचं काम आहे. नुसती मूठ तर आहे."

तू चमचा खाली ठेवलास. "इथला कायदा वाचलास? बंदुकीचा भाग बनवणं म्हणजे काय समजतेस तू? आणि कोर्टात 'नुसती' या शब्दाला काडीची किंमत नसते. मला इथे आरोपीची मावशी म्हणून उभं राहायची हौस नाही."

मैत्री शाळेचे मोजे चढवत होती. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी इज राइट, मम्मा. नॉट अलाउड ला."

"बघ, पोरीला कळतं," तू म्हणालीस. "बनवायचं काही नाही. निवडायचं. निवडायला कुठल्याच देशात बंदी नाही. बसवून मी तिकडे घेईन."

मग आपण निवडायला निघालो. तुझ्यापुढे कधी कुणाचं चाललंय? लिटिल इंडियातल्या त्या रात्रंदिवस उघड्या दुकानात मी तुला घेऊन गेले, कारण एका छपराखाली इतक्या तऱ्हेच्या मुठी दुसरीकडे मिळायच्या नाहीत. आमच्या कामाची रीत मी तुला समजावून दिली. डोळे मिटायचे, वस्तू उचलायची, बोटं कुठे पडतात ते बघायचं. खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. बोटं दर वेळी त्याच जागी पडली तर मूठ तुझी. आणि धरून बराच वेळ हिंडायचं, कारण पहिल्या मिनिटाला सगळ्याच मुठी बऱ्या वाटतात.

तू ते इतकं मनावर घेतलंस की मलाच ओशाळल्यासारखं व्हायला लागलं. भर दुकानात डोळे मिटून तू हातोडी धरलीस, लाटणं धरलंस, कालथा, केसांचा ब्रश, बॅडमिंटनची रॅकेट, रंगाऱ्याचा ब्रश. हातोडी जाड, बोट चापापर्यंत पोचणार नाही. कालथा बारीक, बोटं आपल्याच तळव्यात रुततात. एका स्क्रूड्रायव्हरला बोटांसाठी खाचा पाडलेल्या होत्या. त्या तू चष्मा लावून बघितल्यास आणि म्हणालीस, "या कुणाच्या बोटांच्या मापाने पाडल्यात? माझ्या तर नाहीत." हे मला नोकरीत शिकायला दोन वर्षं लागली होती आणि तू उभ्या उभ्या सांगून मोकळी झालीस.

दुकानातल्या बाई शेवटी जवळ आल्या. "आंटी, व्हॉट यू लुकिंग फॉर?"

तू तुझ्या कोर्टातल्या इंग्रजीत म्हणालीस, "आय वॉन्ट समथिंग टू होल्ड."

"होल्ड फॉर व्हॉट? कुकिंग, इज इट?"

"फॉर अ लाँग टाइम."

त्या गेल्या आणि चालताना टेकायची एक काठी घेऊन आल्या. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दुसऱ्या मजल्यापर्यंत तू पुटपुटत होतीस, "मला म्हातारी समजली ती. म्हातारी!"

आणि मग तुला ते सोलाणं सापडलं. जाड, काळ्या, मऊ रबराच्या मुठीचं, साधं भाज्या सोलायचं. डोळे मिटून उचललंस आणि कितीतरी वेळ उघडलेच नाहीस. मी म्हटलं, "खाली ठेव, परत उचल." तू ठेवायलाच तयार नव्हतीस. मसाल्यांच्या रांगेतून, साबणांच्या रांगेतून, बिलाच्या रांगेतही ते तुझ्या मुठीत होतं. कागदी पिशवीत टाकायला म्हणून त्या मुलीने हात पुढे केला तेव्हासुद्धा तू क्षणभर थांबलीस.

घरी आल्यावर मी माझी हुशारी दाखवली. तुझीच पर्स घेतली, सोलाणं आत टाकलं आणि ओढून बाहेर काढलं. रबर अस्तराला चिकटलं, अर्धं अस्तर सोबत बाहेर आलं.

"बघ," मी म्हटलं. "रबर हाताला बरं, पण कापडाला धरून ठेवतं. ऐन वेळी बाहेर यायला नको? तू शिसवी लाकडाची घे. गुळगुळीत, मागचं लोखंड झाकेल अशी, खाली बोटभर लांब, म्हणजे करंगळी टेकेल. फार लांब नको, पर्सच्या बाहेर आकार दिसेल."

तू दुधी सोलायला घेतला होतास. त्याच सोलाण्याने.

"बाहेर कशाला काढायचंय?" तू म्हणालीस.

"म्हणजे?"

"आजवर कधी काढलेलं नाही. सरावाला नेतात तेव्हा काय ते, तेवढंच. कोर्टाच्या फाटकातून निघते, पर्समध्ये हात घालते आणि रिक्षा स्टँडपर्यंत चालते. धरून. एखाद्या दिवशी दिवेलागण झाली तर घरापर्यंत. तेवढा वेळ हाताला बरं वाटलं पाहिजे. बाकी अस्तराला चिकटलं काय नि न चिकटलं काय."

मी उगाच विचारलं, "रोज?"

"भीती वाटते ना, प्रज्ञा. रोज वाटते," तू म्हणालीस आणि सालं गोळा करून म्हणालीस, "याची चटणी करू, टाकू नकोस."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. इतकी वर्षं मी ज्या बाईच्या जिवावर उड्या मारल्या, ती रोज संध्याकाळी भीत भीत घरी यायची आणि दारात आल्या आल्या मला विचारायची, "जेवलीस का गं?" माझ्या सगळ्या शाळा-कॉलेजांच्या वर्षांत तुझ्या तोंडावर मला ती भीती एकदाही दिसली नाही. दिसू दिली नाहीस. मी निर्धास्त वाढले, मावशी. सगळ्यांना असं बालपण मिळत नाही, आपल्या वस्तीतल्या पोरींना तर नाहीच. ते मला तुझ्यामुळे मिळालं, आणि त्याबद्दल मी तुला कधी धन्यवाद दिले नाहीत, कारण आपल्याकडे मावशीला कोणी धन्यवाद देतं का?

धन्यवाद राहिले बाजूला, मी तुझंच बोलणं तुझ्यावर उलटवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्कात फिरताना म्हटलं, "भीती वाटते तर सोडून दे ना. कुणी बांधून ठेवलंय?"

"भीती वाटते म्हणून सोडायचं असतं तर पहिल्याच वर्षी सोडलं असतं."

"आता वय काय तुझं? धमक्या देणारे ते लोक अजून तसेच आहेत. एखाद्या दिवशी काही झालं तर मी इथून काय करणार?"

"काही करू नकोस. सिंगापुरात बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस म्हणजे झालं."

मला राग आला. मी म्हटलं, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा."

तू शांतपणे म्हणालीस, "सुंभ अजून जळायचाय." मग घरी येईपर्यंत आपण दोघी एलआरटीच्या खिडकीतून दोन वेगवेगळ्या दिशांना बघत बसलो. जेवताना तू मला दुधीच्या सालांची चटणी वाढलीस, मी खाल्ली, आणि विषय तेवढ्यापुरता मिटला.

तू परत गेलीस आणि दर रविवारी फोनवर भांडण सुरू झालं. मी म्हणायचे लाकूड, तू म्हणायचीस रबर. मी म्हणायचे, लाकडालाही वरून बारीक रेघा पाडून घेता येतात, घामाने सटकत नाही. तू म्हणायचीस, रेघा हाताला टोचतात. मी म्हणायचे, मुळात ते ठेवतेसच कशाला, परत कर. तू म्हणायचीस, मूळ मुद्द्यावर ये, हाताला काय बरं? एकदा कंटाळून मी म्हटलं, "बरं बाई, घे रबराची." तर तू ताबडतोब लाकडाची बाजू घेतलीस! उन्हाळ्यात रबर तापून चिकट होतं म्हणालीस. मैत्री मागून ओरडायची, "आर यू टू फायटिंग अगेन?" आणि तू इकडे ऐकू येईल इतक्या मोठ्याने हसायचीस. तास तास चालायचं आपलं. फोन ठेवल्यावर माझा नवरा विचारायचा, काय ठरलं? मी म्हणायचे, काही नाही.

तू गेल्यावर मला विमान मिळून मी पोचेपर्यंत तुझा अंत्यविधी झाला होता. घरात माणसं होती, भिंतीवर तुझा फोटो लागला होता, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ते कुठे आहे? परवाना तुझ्या नावाचा, तू नाहीस, ते असं घरात पडून राहणं बरं नव्हे. पर्स उघडली. आयुष्यात पहिल्यांदा. डबा होता, चष्मा होता, गोळ्या होत्या. ते नव्हतं. कपाट बघितलं, गादीखाली बघितलं, धान्याच्या डब्यात हात घालून बघितलं. कोणी नेलं असेल? मी तशीच ठाण्यात गेले.

हवालदार तुला चांगले ओळखणारे निघाले. "मॅडमचं ना? ते इथंच आहे," ते लोखंडी कपाटाकडे मान वळवून म्हणाले. "सिंगापूरला जाताना जमा केलेलं. नेलंच नाही नंतर."

वर्षभर, मावशी. वर्षभर आपण ज्याच्या मुठीवरून भांडत होतो ते ठाण्यातल्या कपाटात पडलेलं होतं. मी बाकावर बसले. हवालदारांना वाटलं मला दुःख अनावर झालं, त्यांनी पाणी आणून दिलं. खरं तर मला तुझा संताप आला होता. म्हणजे सरळ सरळ हातात काही नसताना तू त्या रस्त्याने चालत होतीस, आणि मला वाटत होतं की निदान ते तरी तुझ्याबरोबर आहे.

घरी सुमनबाई भाकरी थापत होत्या. तुला सांगायला नको, हे पत्र दुसरं कुणी वाचलं तर म्हणून सांगते. सुमनबाईंच्या नवऱ्याला शेताच्या बांधावरून मारून टाकलं होतं आणि त्यांचा खटला तू शेवटपर्यंत नेऊन जिंकलास. निकाल लागला तरी त्या तुझ्याकडे येत राहिल्या. मी त्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का?

"म्या संगंच व्हते की," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून आल्यावर ठान्यात गेलत्या आनायला. म्या बाहीर हुबी. तर हात हालवत आल्या. म्हनल्या, सुमन, आता नको ते. हाताला सोसंना. म्या म्हनलं, मंग भ्या वाटंल की वो. तर म्हनल्या, वाटंल. तू येत जा संगं."

"मग?"

"मंग काय, रोज फाटकापाशी जायची म्या. माझ्या दंडाला धरून ष्ट्यांडपतूर चालायच्या. लई घट्ट धरायच्या, ताई. बोटं उमटायची." त्यांनी पिठाच्या हाताने पदर सारून दंड दाखवला. तिथे आता काही नव्हतं. त्या बघत राहिल्या आणि मग तव्यावरची भाकरी उलटायला वळल्या.

म्हणजे भांडण मी वर्षापूर्वीच जिंकले होते आणि तू मला पत्ता लागू दिला नाहीस. का, याचा मी विमानात सगळा वेळ विचार केला. तू कबूल केलं असतंस तर रविवारी आपण काय बोललो असतो? औषध घेतलंस का, पाऊस आहे का, मैत्रीची परीक्षा कधी. पाच मिनिटांत फोन खाली. तुला ते माझ्याआधी कळलं होतं. तू माझ्यासाठी हरलेला खटला वर्षभर लढवत ठेवलास. एवढ्या रविवारांबद्दल मी तुझी फार ऋणी आहे, आणि हे धन्यवाद आता घेच.

फक्त एका गोष्टीवरून मी तुझ्याशी अजून भांडणार आहे. इथे तू माझ्याबरोबर किती हिंडलीस. सेरंगून रोडच्या गर्दीत, एमआरटी मेट्रोच्या त्या वेगाने पळणाऱ्या सरकत्या जिन्यांवर, अनोळखी सिग्नलला रस्ता ओलांडताना. एकदाही माझा दंड धरला नाहीस. इथे तुला भीती वाटत नव्हती, म्हणून असेल. तसं असेल तर दोन महिने तरी तुझा हात मोकळा राहिला, फार बरं झालं. पण मावशी, भीती मला वाटत होती. तू परत जाणार म्हणून रोज वाटत होती. तुझा दंड मी धरायला हवा होता.